आयएसएलमध्ये पहिल्या सहांत कोण? पात्रतेच्या अंदाजासाठी कोणते मॉडेल वापरावे?

प्रश्न: जुळे_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत असून, दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी इंडियन सुपर लीग (आयएसएल) या फुटबॉल स्पर्धेच्या साखळी फेरीतून प्ले-ऑफसाठी कोणते संघ पात्र ठरतील याचा अंदाज हा विषय घेतला आहे. आपल्याकडे फुटबॉलचे नाव निघाले की मंडळी लगेच कोल्हापूरकडे बोट दाखवतात, आणि आमच्या वर्गातही खेळावर प्रकल्प करणाऱ्या बहुतेकांनी क्रिकेटच निवडले आहे. मला मात्र साखळी स्पर्धेतील पात्रता हा प्रश्न अधिक रोचक वाटतो, कारण येथे संघाचे भवितव्य त्याच्या स्वतःच्या खेळाइतकेच, तो मैदानात नसताना इतरांनी खेळलेल्या सामन्यांवरही अवलंबून असते.

पार्श्वभूमी अशी की 2022-23 ते 2024-25 या हंगामांत पहिले सहा संघ पुढे जात. त्यांतील पहिले दोन थेट उपांत्य फेरीत प्रवेश करत, तर तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ एकेक बाद सामना खेळून उरलेल्या दोन जागा मिळवत. त्यापूर्वी पहिल्या चारच संघांना संधी होती. संघांची संख्याही स्थिर राहिलेली नाही. ती 2022-23 मध्ये 11, 2023-24 मध्ये 12 आणि 2024-25 मध्ये 13 होती.

मी दोन पद्धती हाताळून पाहिल्या आहेत. पहिली लॉजिस्टिक रिग्रेशनची (होय-नाही स्वरूपाच्या निकालाची संभाव्यता काढणारी). हंगाम निम्मा झाल्यावर संघाचे गुण, गोलफरक आणि घरच्या मैदानावरील उरलेले सामने ही चले घेऊन संघ पात्र ठरण्याची संभाव्यता काढायची. दुसऱ्या पद्धतीत उरलेल्या प्रत्येक सामन्याचा सर्वाधिक संभाव्य निकाल मॉडेलने ठरवायचा, त्याप्रमाणे गुण वाटायचे आणि अंतिम गुणतालिका मांडायची. या दुसऱ्या पद्धतीत असे दिसते की मॉडेल बरोबरीचा निकाल जवळजवळ कधीच देत नाही, आणि अंतिम तालिकेत वरचे संघ प्रत्यक्षात जातात त्याहून फार वर व खालचे संघ फार खाली जाऊन बसतात.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्या पद्धतीवर विचारले आहे की तुमचा नमुना नेमका किती मोठा आहे, आणि नियम बदललेल्या हंगामांचे काय करणार. या दोन पद्धतींपैकी कोणती पुढे न्यावी, की तिसराच मार्ग धरावा? शिवाय अमुक इतके गुण झाले की संघ पात्र ठरतो असा एखादा उंबरठा काढणे योग्य होईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद 1: सात_रस्ता_निवृत्त

मी अनेक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे आणि तुमच्या मॅडमचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

पहिल्या सहांचा नियम लागू असलेले तीन हंगाम घेतले तर लॉजिस्टिक रिग्रेशनसाठी तुमच्याकडे 11 + 12 + 13, म्हणजे 36 ओळी आहेत आणि त्यांतील 18 ‘पात्र’ आहेत. त्यात तीन-चार चले घातली की गुणांकांचे विश्वास-अंतराल (खरी किंमत ज्या मर्यादांत असावी असा पट्टा) इतके रुंद होतात की त्यांवरून काहीच म्हणता येत नाही. त्याऐवजी निरीक्षणाचे एकक संघ न धरता सामना धरा. त्याच तीन हंगामांत साखळीचे 110 + 132 + 156, म्हणजे 398 सामने झाले, आणि प्रत्येक सामना दोन संघांच्या गोलांची मिळून दोन निरीक्षणे देतो. माहिती तीच आहे; परंतु तुम्ही ती 36 होकार-नकारांत दाबून टाकली होती, ती आता मोकळी होते.

लॉजिस्टिक पद्धतीत आणखी एक मूलभूत उणीव आहे. एका हंगामात नेमके सहाच संघ पात्र ठरतात, त्यामुळे सर्व संघांच्या पात्रतेच्या संभाव्यतांची बेरीज 6 यायलाच हवी. प्रत्येक संघाची संभाव्यता स्वतंत्रपणे काढणाऱ्या मॉडेलला हे बंधन ठाऊकच नसते. नव्या हंगामावर तुमचे मॉडेल चालवून सर्व संघांची बेरीज करून पाहा. ती कधी साडेपाच येईल, कधी सात येईल. पात्रता हा संपूर्ण गुणतालिकेचा गुणधर्म आहे आणि एका संघाची ओळ वेगळी काढून तो मोजता येत नाही, हे या प्रकल्पात सर्वांत आधी मनात पक्के करावे.

गुणांच्या उंबरठ्याचा प्रश्नही याच कारणाने निकालात निघतो. सहाव्या क्रमांकावर 2022-23 मध्ये ओडिशा एफसी 20 सामन्यांत 30 गुणांवर होता, 2023-24 मध्ये चेन्नईयिन 22 सामन्यांत 27 गुणांवर, आणि 2024-25 मध्ये मुंबई सिटी 24 सामन्यांत 36 गुणांवर. सामने वाढले तरी मधल्या हंगामात उंबरठा खाली आला. युरोपच्या चॅम्पियन्स लीगने 2024-25 पासून 36 संघांची एकच साखळी सुरू केली, तेव्हा पहिल्याच वर्षी क्लब ब्रुग आणि दिनामो झाग्रेब या दोघांचेही 11 गुण झाले. गोलफरकावर ब्रुग 24 वा येऊन पुढे गेला आणि दिनामो 25 वा येऊन बाहेर पडला. उंबरठा हे स्वतःच एक यदृच्छ चल (योगायोगाने बदलणारी राशी) आहे. त्याचे वितरण जरूर दाखवा, पण एक आकडा ठरवून त्यावर संघ तोलू नका.

आता दुसऱ्या पद्धतीतील बरोबरीविषयी. समजा, एका सामन्यात यजमान संघाचे अपेक्षित गोल 1.4 आणि पाहुण्यांचे 1.1 आहेत व दोन्ही पॉयसाँ वितरणाने (घटना किती वेळा घडेल याच्या संभाव्यता देणाऱ्या सूत्राने) येतात. आकडेमोड केली तर यजमानांच्या विजयाची संभाव्यता सुमारे 43.8 टक्के, बरोबरीची 26.6 आणि पाहुण्यांच्या विजयाची 29.6 टक्के येते. गंमत म्हणजे सर्वाधिक संभाव्य गोलसंख्या 1-1 हीच आहे, सुमारे 12.6 टक्के, आणि तरीही तीन निकालांमध्ये बरोबरी सर्वांत मागे आहे. ‘सर्वाधिक संभाव्य निकाल’ निवडायचा नियम केला की या सामन्याचे तीन गुण दर वेळी यजमानांना जातात, प्रत्यक्षात मात्र त्यांचे अपेक्षित गुण 1.58 च आहेत. थोडासा सरस संघ असा प्रत्येक सामन्यात पूर्ण गुण घेत जातो आणि तालिका दोन्ही टोकांना ताणली जाते. तुम्हाला दिसलेल्या दोन्ही गोष्टींचे मूळ हे एकच आहे. मॉडेलमध्ये दोष असेलच असे नाही. संभाव्यतेचे निश्चित निकालात रूपांतर करण्याच्या पायरीत तो आहे.

तेव्हा मार्ग तिसरा. प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक व बचावाचा एक असे दोन प्राचल (आकडेवारीवरून अंदाजायचे मॉडेलमधील स्थिर आकडे) द्या, घरच्या मैदानाचा एक सामाईक प्राचल ठेवा आणि गोलसंख्येवर पॉयसाँ रिग्रेशन बसवा. एम. जे. माहर यांनी 1982 मध्ये हीच मांडणी केली होती. पुढे 1997 मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी तीत दोन महत्त्वाच्या सुधारणा केल्या. दोन स्वतंत्र पॉयसाँ घेतल्यास 0-0 आणि 1-1 असे निकाल प्रत्यक्षापेक्षा कमी भरतात, म्हणून 0-0, 1-0, 0-1 आणि 1-1 या चार निकालांसाठी त्यांनी एक दुरुस्ती-प्राचल घातला. आणि जुन्या सामन्यांचे वजन काळाबरोबर घातांकी पद्धतीने कमी केले. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला एवढी यंत्रणा पुरेशी आहे.

प्रतिसाद 2: अक्कलकोट_ते_हिंजवडी

सरांनी पाया घालून दिला आहे. मी पुढच्या टप्प्याबद्दल, म्हणजे सिम्युलेशनबद्दल लिहितो, कारण माझे रोजचे काम त्याच प्रकारचे आहे आणि अनेकांची गाडी नेमकी येथे अडते.

मॉडेल बसवल्यावर उरलेल्या प्रत्येक सामन्यासाठी यदृच्छ गोलसंख्या काढायची, ती आजच्या तालिकेत मिळवायची, नियमांप्रमाणे क्रम लावायचा आणि पहिले सहा नोंदवायचे. हे दहा हजार वेळा केले की संघ जितक्या वेळा पहिल्या सहांत आला त्याचे प्रमाण म्हणजे त्याची संभाव्यता. प्रत्येक फेरीत सहाच संघ निवडले जात असल्याने सरांनी सांगितलेली बेरीज आपोआप 6 येते. दहा हजार फेऱ्यांना 50 टक्क्यांच्या आसपास प्रमाण त्रुटी (अंदाजातील साधारण चढउतार) अर्धा टक्का असते, म्हणून अहवालात 63.47 टक्के असे लिहू नये, 63 पुरे.

क्रम लावताना आयएसएलचा नियम नीट वाचून घ्या. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये गुण समान झाल्यास प्रथम गोलफरक पाहतात, तर आयएसएलमध्ये त्या संघांच्या परस्पर सामन्यांतील गुण आधी पाहिले जातात. 2020-21 मध्ये मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोघांचेही 40 गुण झाले होते आणि परस्परांतले दोन्ही सामने जिंकल्यामुळे मुंबई अव्वल ठरली. तुमच्या प्रोग्रॅममध्ये झालेल्या परस्पर सामन्यांचे निकाल साठवलेले नसतील तर अशा बरोबऱ्या चुकीच्या बाजूला सुटतील, आणि सहाव्या-सातव्या जागेची चुरस बहुधा अशाच बरोबऱ्यांवर येऊन ठेपते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसलो, तो. बहुतेक जण मॉडेलने काढलेले आक्रमण-बचावाचे आकडे पक्के धरतात आणि दहा हजार फेऱ्यांत तेच वापरतात. याने अनिश्चितता कमी दिसते, आणि किती कमी दिसते हे हंगामाच्या टप्प्यावर अवलंबून असते. सरांचेच उदाहरण पुढे नेऊ. दोन्ही बाजूंची सरासरी काढली तर एका सामन्यातील गुणांचे प्रचरण (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) सुमारे 1.65 येते. सहा सामने उरले असतील (तीन घरी, तीन बाहेर) तर एकूण प्रचरण सुमारे 9.9, म्हणजे प्रमाण विचलन (प्रचरणाचे वर्गमूळ) 3.15 गुण. आता संघाच्या प्रतिसामना गुणांच्या आपल्या अंदाजातच 0.2 इतके प्रमाण विचलन आहे असे गृहीत धरा. सहा सामन्यांत ते 1.2 गुणांचे होते आणि त्याचे प्रचरण 1.44, नशिबाच्या 9.9 पुढे ते किरकोळ आहे. परंतु 20 सामने उरले असतील तर नशिबाचे प्रचरण 33 च्या आसपास असते आणि क्षमतेविषयीच्या अनिश्चिततेचे 16 होते, म्हणजे जवळजवळ निम्मे. कारण उघड आहे. सामन्यागणिक नशीब एकमेकांना काही अंशी छेदत जाते आणि त्याचे प्रचरण सामन्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते. क्षमतेच्या अंदाजातली चूक मात्र, मार्केट यार्डातल्या सदोष वजनकाट्यावर प्रत्येक पोते त्याच बाजूला कमी-जास्त भरते तशी, प्रत्येक सामन्याला एकाच दिशेने लागते आणि तिचे प्रचरण संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ‘हा संघ 95 टक्के पात्र’ असे ठाम आकडे देणारी मॉडेल्स नंतर तोंडघशी पडतात, आणि शेवटच्या टप्प्यात तीच मॉडेल्स बरीच विश्वसनीय वाटतात.

उपाय कठीण नाही. प्रत्येक फेरीच्या आरंभी प्राचलांचा एक नवा संच त्यांच्या अंदाजित सहप्रचरण सारणीतून (प्राचलांची अनिश्चितता व परस्परसंबंध दाखवणाऱ्या तक्त्यातून) यदृच्छ काढा, आणि त्या फेरीपुरता तोच संच सर्व उरलेल्या सामन्यांना लावा. प्रत्येक सामन्याला वेगळा संच काढलात तर वर सांगितलेली ‘एकाच दिशेची चूक’ पुन्हा विरून जाईल, ही खबरदारी मात्र घ्या.

नियम बदललेल्या हंगामांविषयी मॅडमना सांगता येईल की मॉडेल सामन्यांच्या पातळीवर असल्याने पात्रतेचा नियम चार संघांचा होता की सहांचा, याने आकडेवारी बाद होत नाही. नियम फक्त सिम्युलेशनच्या शेवटच्या पायरीत येतो. त्यामुळे 2020-21 आणि 2021-22 मधले प्रत्येकी 110 सामनेही घेता येतात आणि एकूण संख्या 618 होते. मात्र ते दोन्ही हंगाम करोनामुळे संपूर्णपणे गोव्यात खेळवले गेले. कागदावर एक संघ यजमान असला तरी घरचे मैदान कोणालाच नव्हते, म्हणून त्या सामन्यांसाठी घरच्या मैदानाचे चल शून्य ठेवा. न ठेवल्यास यजमानपणाचा फायदा कमी अंदाजला जाईल आणि पुढच्या सर्व अंदाजांत ती गफलत शिरेल.

नव्या संघांचाही विचार हवा. आय-लीगमधून बढती मिळून पंजाब एफसी 2023-24 मध्ये आला आणि आठवा राहिला. 2024-25 मध्ये मोहम्मेडन स्पोर्टिंग आला आणि तेराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी राहिला. दोन उदाहरणांवरून नियम निघत नाही, परंतु नव्या संघाची क्षमता सरासरीपेक्षा किंचित खाली आणि तिची अनिश्चितता इतरांपेक्षा मोठी धरून आरंभ करणे समंजसपणाचे ठरेल.

प्रतिसाद 3: जुळे_सोलापूर (प्रश्नकर्ता)

सर, आणि अक्कलकोटचे दादा, आपण दोघांनी इतक्या आस्थेने व सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सामना हे एकक धरून पॉयसाँ मॉडेल आणि त्यावर सिम्युलेशन, हा मार्ग निश्चित करत आहे. नशिबाचे प्रचरण संख्येच्या प्रमाणात आणि क्षमतेच्या चुकीचे वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा मुद्दा तर प्रकल्पात स्वतंत्र प्रकरण म्हणून मांडावा असे वाटते; 24 सामन्यांच्या हंगामात कोणत्या टप्प्यावर कोणता घटक किती वाटा उचलतो याचा आलेख काढता येईल.

दोन शंका उरतात. तीनच हंगाम हाताशी असताना पात्रतेचे अंदाज बरोबर होते की नाही हे तपासायचे कसे? मॉडेलने एखाद्या संघाला 70 टक्के दिले आणि तो बाहेर पडला, तर त्याला चूक म्हणावे का? दुसरे, वर्तमानपत्रांत ‘अमुक संघ गणिताने अजून शर्यतीत आहे’ असे छापतात. ते आपल्या सिम्युलेशनमधून थेट सांगता येईल का?

प्रतिसाद 4: मैदान_आणि_शिट्टी

मी संख्याशास्त्राचा माणूस नाही. सोलापुरात शालेय व महाविद्यालयीन मुलांच्या फुटबॉल स्पर्धा भरवण्यात आम्ही काही मित्र अनेक वर्षांपासून लक्ष घालतो. वरची चर्चा वाचताना आयोजकांच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटली, कारण ती आकड्यांमध्ये सहज दिसत नाही.

शेवटच्या फेरीतील सामने आधीच्या सामन्यांसारखे नसतात. 1982 च्या विश्वचषकात हिहॉन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना झाला, तेव्हा अल्जीरियाचे सर्व सामने आदल्या दिवशीच संपलेले होते आणि जर्मनीने एक-दोन गोलांनी जिंकल्यास दोन्ही युरोपीय संघ पुढे जाणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. जर्मनीने दहाव्या मिनिटाच्या सुमारास गोल केला आणि त्यानंतर कोणीच गोल करण्याचा खरा प्रयत्न केला नाही. त्यानंतर गटातील शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत आली. आपल्याकडे मैदान एकच, गोलपोस्टची जोडीही एकच, आणि एप्रिलचे ऊन उतरेपर्यंत सामना सुरू करता येत नाही. त्यामुळे दोन सामने एकाच वेळी घेणे आम्हाला बहुधा जमत नाही. मग दुसरा सामना खेळणाऱ्या संघांना आपल्याला काय हवे आहे हे आधीच कळलेले असते, आणि मुले त्याप्रमाणे खेळतात. बरोबरी पुरेशी असलेला संघ पहिल्या मिनिटापासून मागे राहतो, हे मी कडेला उभा राहून अनेकदा पाहिले आहे. पात्र ठरलेला संघ राखीव मुलांना संधी देतो, तेही योग्यच आहे. तुमच्या मॉडेलमध्ये या गोष्टीला जागा आहे का?

आणि एक विचारायचे होते. आमचे गट चार संघांचे असतात व प्रत्येक गटात सहाच सामने होतात. त्यासाठीही एवढी दहा हजार फेऱ्यांची यंत्रणा लागते का? शेवटच्या दिवशी पालक आणि मुले ‘आमचे काय झाले तर आम्ही पुढे जाऊ’ हे सतत विचारत असतात, आणि त्यांना नेमके उत्तर देता आले तर फार बरे होईल.

प्रतिसाद 5: सात_रस्ता_निवृत्त

मैदानावरच्या मित्रांच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण ते सोपे आणि तत्काळ उपयोगी आहे. चार संघांच्या गटात सहा सामने आणि प्रत्येकाचे तीन निकाल, म्हणजे एकूण 3 चा सहावा घात, 729 शक्यता. त्या संगणकावर पूर्ण मांडता येतात. यदृच्छ फेऱ्यांची काही गरज नाही. शेवटच्या दिवशी तर दोनच सामने उरतात, म्हणजे नऊच शक्यता. नऊ ओळींचा तक्ता करा, प्रत्येक ओळीत दोन्ही सामन्यांचे निकाल आणि त्यावरून पुढे जाणारे दोन संघ लिहा, आणि जेथे गोलफरकावर निकाल लागणार असेल तेथे किती गोलांनी जिंकावे लागेल तेही लिहा. तो तक्ता सकाळीच मैदानावर लावता येईल. गुण, गोलफरक, केलेले गोल आणि परस्पर सामना हे सारे समान झाल्यावर काय, हेही नियमपत्रिकेत आधीच ठरवून ठेवा. 2018 च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल नेमके असेच अडकले होते, आणि जपानला चार व सेनेगलला सहा पिवळी कार्डे मिळालेली असल्यामुळे जपान पुढे गेला.

शेवटच्या फेरीतील वृत्तीचा तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. मॉडेल गृहीत धरते की क्षमता तीच राहते आणि दोन्ही संघ जिंकण्यासाठीच खेळतात. इतक्या थोड्या आकडेवारीवर ‘गरज’ हे चल घालून त्याचा गुणांक विश्वासाने काढता येणार नाही. विद्यार्थी मित्राने निदान असे करावे: ज्या सामन्यांत एखाद्या संघाचे स्थान आधीच निश्चित झालेले होते ते वेगळे काढावेत, त्यांवर मॉडेलचे अंदाज अधिक चुकतात का ते पाहावे आणि जे दिसेल ते प्रामाणिकपणे नोंदवावे.

आता तपासणीबद्दल. 70 टक्के दिलेला संघ बाहेर पडला, यावरून अंदाज चूक ठरत नाही. 70 टक्के दिलेल्या अनेक संघांपैकी बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण 30 टक्क्यांच्या जवळपास नसेल, तर मात्र मॉडेल सदोष आहे. हे मोजण्यासाठी ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचवलेला गुणांक वापरा: दिलेली संभाव्यता आणि घडलेले सत्य (1 किंवा 0) यांतील फरकाच्या वर्गांची सरासरी. तो जितका लहान तितके चांगले. तुलनेसाठी अगदी अडाणी अंदाज घ्या. 13 संघांतील प्रत्येकाला 6 भागिले 13, म्हणजे 46 टक्के दिले तर गुणांक सुमारे 0.249 येतो. हंगामाच्या आरंभी तुमचे मॉडेल याच्या आसपासच असेल आणि सामने जसे होत जातील तसा गुणांक उतरत जाईल. दुसरी तुलना ‘आज पहिल्या सहांत असलेले सहाच पात्र ठरतील’ या साध्या नियमाशी करा. अर्धा हंगाम झाल्यावर या नियमालाही मागे टाकता येत नसेल, तर पॉयसाँचा खटाटोप कशासाठी केला हे परीक्षक विचारणारच.

परंतु 36 संघ-हंगामांवर, आणि तेही एका हंगामातले सर्व एकमेकांशी बांधलेले असताना, पात्रतेच्या अंदाजांची पक्की परीक्षा होऊ शकत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागेल. त्यावर दोन तोडगे आहेत. एक, प्रत्येक सामन्याच्या विजय-बरोबरी-पराभव संभाव्यता तपासा. तेथे शेकडो निरीक्षणे आहेत. फक्त प्रत्येक सामन्याचा अंदाज त्याच्या आधीच्याच सामन्यांवर बसवलेल्या मॉडेलने काढलेला असावा. दुसरे, हीच पद्धत जशीच्या तशी इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर चालवा. 1995-96 पासून तेथे 20 संघ आणि 380 सामने अशी एकच रचना आहे आणि निकाल सहज उपलब्ध आहेत. तेथे पहिल्या चारांत येणे किंवा शेवटच्या तिनांत न जाणे हा पात्रतेचाच प्रश्न आहे. दोन तपांहून अधिक हंगामांवर पद्धत खरी उतरली, तर ती आयएसएलवर वापरण्याला आधार मिळतो.

‘गणिताने शर्यतीत’ हा प्रश्न वेगळ्याच जातीचा आहे आणि सिम्युलेशनने त्याचे उत्तर मिळत नाही. दहा हजार फेऱ्यांत एखादा संघ एकदाही पात्र ठरला नाही, तर त्यावरून 95 टक्के विश्वासाने इतकेच म्हणता येते की त्याची संभाव्यता सुमारे दहा हजारांत तीनपेक्षा कमी आहे. ती शून्य आहे असे नव्हे. संघ खरोखर बाद झाला आहे का, हे ठरवायला एकही अनुकूल शक्यता उरलेली नाही असे सिद्ध करावे लागते. विजयाला दोन गुण असताना प्रत्येक सामन्यात नेमके दोनच गुण वाटले जात, आणि हा प्रश्न जालप्रवाहाच्या पद्धतीने (जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाऊ शकतो हे काढणाऱ्या रीतीने) झटपट सुटत असे. इंग्लंडने 1981 मध्ये विजयाला तीन गुण दिले आणि नंतर ती प्रथा जगभर रूढ झाली. आता सामन्यात कधी तीन तर कधी दोन गुण वाटले जातात, आणि सर्वसाधारण रूपात हा प्रश्न एनपी-पूर्ण (ज्यासाठी नेहमी झटपट चालणारी रीत ज्ञात नाही असा) आहे असे 1999 मध्ये सिद्ध झाले आहे. 13 संघ आणि शेवटच्या काही फेऱ्या एवढ्यासाठी घाबरण्याचे कारण नाही. उरलेल्या प्रत्येक सामन्यासाठी तीन निकालांपैकी एक निवडणारी शून्य-एक चले घ्या, आपल्या संघाचे सर्व सामने विजयी धरा, त्याच्या पुढे राहणाऱ्या संघांची संख्या किमान करा, आणि पूर्णांक प्रोग्रॅमिंगच्या (चलांना पूर्णांकच देऊन सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या रीतीच्या) कोणत्याही तयार सॉफ्टवेअरला द्या. किमान संख्या सहा किंवा अधिक आली तर संघ बाद. गुण समान राहिल्यास परस्पर सामन्यांचा नियम येथेही लावावा लागेल, आणि आपल्या संघाचे ज्यांच्याशी दोन्ही सामने होऊन गेले आहेत त्यांच्याबाबत तो आधीच ठरलेला असेल, म्हणून ती माहिती बंधनांत प्रथम लिहून घ्या.